एन्नोरच्या पाण्याखालची पायरी

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्या चुका काढायला नकोत. आमची मराठी तंजावरची. तिच्यात तमिळ भरपूर मिसळलेली, पुण्याकडची माणसं ऐकली की हसतात. हसू देत. ही हकीगत घडली माझ्यासोबत, तेव्हा सांगणारही मीच.

तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. मी एका छापखान्यात बांधणीच्या खात्यात होतो. कागद दुमडायचे, शिवायचे, खळ लावायची. राहायचो ट्रिप्लिकेनमध्ये, एका स्टोअरमध्ये. स्टोअर म्हणजे दुकान नव्हे, एका अंगणाभोवती ओळीनं खोल्या, मागे सगळ्यांत मिळून एक विहीर, आणि कुणाच्या घरी काय शिजलं ते सगळ्यांना ठाऊक. शेजारच्या खोलीत माझा मित्र. तंजावरला आम्ही एकाच गल्लीत वाढलो आणि एकाच गाडीनं मद्रासला आलो. फरक एवढाच की तो मॅट्रिक झाला होता आणि एका कंपनीत कारकून होता. वयानं मी थोडा मोठा, म्हणून तो मला अण्णा म्हणायचा. चेष्टेत असला की महाराज.

शनिवारी त्याला ऑफिस आणि मला छापखाना, म्हणून पुरुषांचा जो तेल लावून न्हाण्याचा वार, तो आमचा चुकायचा. मग आम्ही तो रविवारी ओढला. घरच्यांना पटलं नाही. माझी बायको म्हणायची, "रविवार सूर्याचा. डोक्यात तेल घातलं तर ताप चढतो." मी म्हटलं, "चढू दे, उतरवायला तू आहेस." तिळाचं तेल जिरं-मिरी घालून कढवायचं, वाटी घेऊन विहिरीवर बसायचं. हात फिरवून अंगाला सगळीकडे तेल लावता येतं, पाठीच्या मध्यावर तेवढं पोचत नाही. तिथे दुसरा माणूस लागतो. मी त्याची पाठ चोळायचो, तो माझी. खोल्यांच्या दारांतून बायका बोलायच्या, "या, दोन म्हशी धुवायला बसल्या."

"महाराज," तो म्हणायचा, "आज दरबार कुठे भरवायचा?"

कारण न्हाऊन झाल्यावर आमचा खरा रविवार सुरू व्हायचा. आम्ही एक नियम केला होता. दर रविवारी काहीतरी नवं करायचं, अंगाला आणि जिवाला आराम देणारं, आणि ते दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदा करायचं. दोघांपैकी एकानं जरी आधी केलेलं असलं तरी ते बाद. खर्च फार नाही, घाई अजिबात नाही. आठवडाभर दुसऱ्यांच्या घड्याळावर चालणाऱ्या माणसांनी एक दिवस कुणाचं ऐकू नये, एवढंच.

काय काय केलं! मरीनावर वाळूत बसून डोकं दाबून देणाऱ्याकडून डोकं दाबून घेतलं. त्यानं मान अशी मोडली की मित्र ओरडला, "अण्णा, माझ्या घरी कळव!" अड्यारच्या मोठ्या वडाखाली चटया टाकून दुपारभर पडून राहिलो. संध्याकाळी बागेत भोंग्यावर रेडिओ लावायचे, तो गवतावर उताणे होऊन ऐकला. गुलाबाच्या वासाचा पन्नीर सोडा एकाच बाटलीतून प्यायलो. मीनंबाक्कमला जाऊन विमानं उतरताना पाहिली. पहिलं विमान खाली आलं तेव्हा त्यानं तोंडावर हात ठेवला आणि तो म्हणाला, "अय्यो अण्णा, बघ बघ! एवढं लोखंड!" मी विमान कमी पाहिलं आणि त्याचा चेहरा जास्त. खरं सांगायचं तर मला रविवारी तेच लागायचं. आपल्यासोबत दुसऱ्या कुणाचे तरी डोळे मोठे होताना बघायचे.

आणि माणूस चोख होता. एकदा आइस्क्रीम खायला म्हणून हॉटेलच्या दारापर्यंत गेलो, तर आत शिरण्याआधी हाच थांबला. "बाद, अण्णा. ऑफिसमधल्या एकाच्या लग्नात मी खाल्लंय." मला कधीच कळलं नसतं. स्वतःहून सांगितलं. त्या दिवशी आम्ही तसेच परत फिरलो आणि मला फार बरं वाटलं. अशा माणसावर मी विश्वास ठेवला तर माझं काय चुकलं?

एन्नोर मी शोधून काढलं होतं. आमच्या छापखान्यात कागदाची गाडी घेऊन येणारा गाडीवान तिकडचा. तो सांगायचा, समुद्र आणि जमीन यांच्या मध्ये मोठं संथ पाणी आहे, होडीतून पलीकडे गेलं की सुरूची झाडं, खाली सावली, माणूस नाही काणूस नाही. "झोपलात तर उठणार नाही, सामी," म्हणायचा. मी ते मित्राला सांगितलं आणि आम्ही ठरवलं, हा मोठा रविवार. हा जपून ठेवायचा. आधी त्याच्या बायकोचं बाळंतपण आलं, मग माझ्या घरी आजारपण, मग पाऊस. शेवटी चैत्रातला एक रविवार ठरला. त्या सबंध काळात मी एन्नोरचं नाव दुसऱ्या कुणाजवळ काढलं नाही. छापखान्यातले लोक गेले असते, चांगली जागा होती. पण ती आमची होती.

ठरलेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी तो विहिरीवर आला नाही. सैदापेटला बहिणीकडे जायचंय म्हणाला, ती गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घालणार, हाताखाली माणूस नाही. मी एकटाच न्हायलो. पाठ तशीच राहिली.

पुढच्या रविवारी, म्हणजे एन्नोरच्या दिवशी, आम्ही पहाटेच तेल घेऊन बसलो. त्यानं पाठ माझ्याकडे केली. खांदे भाजून काळे झालेले आणि कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटत होती. माझा हात लागताच तो कळवळला.

"हे काय रे?"

"गच्चीवर उघडाच बसलो होतो की. वडाम घालायचे म्हणजे ऊन खायलाच लागतं."

"बहिणीनं भावाला वडामासारखं वाळवलं म्हणायचं."

तो हसला. मीही हसलो, आणि भाजलेल्या जागी हलक्या हातानं जास्त तेल लावलं. हे मला आजही टोचतं. मी लावलेलं तेल.

धुराची गाडी होती. चार पुडांचा डबा त्याच्या घरचा. वरच्या दोन पुडांत माझ्या बायकोनं केलेला चिंचेचा भात आणि सांबार, खालच्या दोनांत त्याच्या बायकोचा दहीभात आणि तळलेले वडाम. मिठागरं लागली, मग एकदम ते पाणी दिसलं. त्यानं तोंडावर हात ठेवला. "अय्यो अण्णा, बघ बघ! एवढं पाणी!" मी पाणी पाहिलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि मनात म्हटलं, चीज झालं.

स्टेशनातून बाहेर पडल्यावर तो पुढे चालला. वाट कुणाला विचारली नाही. मला वाटलं, पाणी त्याच बाजूला आहे, विचारायचं काय. काठाला जुन्या काळच्या साहेबांनी बांधलेला एक घाट होता. दगड निखळलेले, शेवाळ धरलेलं. खाली होडी लागलेली, होडीवाला आत बसून बिडी ओढत होता. मित्र धोतर खोचून आधी उतरला, गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि मागे वळून त्यानं मला हात दिला.

"जपून, अण्णा. पाण्याखाली आणखी एक पायरी आहे. डावीकडून मोडलीय. उजव्या अंगानं पाय टाक."

मी हात धरला नाही. वरच्या पायरीवरच थांबलो.

"तुला कसं ठाऊक?"

"दिसतेय की."

"पाणी चहासारखं आहे. त्यात काय दिसतंय तुला?"

 त्याचा हात तसाच पुढे केलेला. मला एकदम त्याचे खांदे आठवले. म्हटलं, "बहिणीच्या गच्चीला घाट बांधलाय काय?"

"अण्णा, ऐकून तर घे."

"मागच्या रविवारी?"

"हो."

"कुणासोबत?"

"मॅनेजर आणि ऑफिसमधले. ते विचारत होते, रविवारी जवळपास जाऊन येण्यासारखं काय आहे. माझ्या तोंडून निघून गेलं."

म्हणजे नाव यानंच सांगितलं. मी महिनोन्‌महिने तोंड मिटून बसलो होतो आणि यानं ते मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवलं होतं.

"मी शेजारच्याच खोलीत होतो," मी म्हटलं. "मला हाक मारता आली नाही?"

"ती सगळी इंग्रजीत बोलणारी माणसं. तू गप्प बसून राहिला असतास. तुला अपमान वाटला असता."

"आणि आता मान वाटतोय होय?"

होडीवाल्यानं बिडी विझवली. आम्ही मराठीत बोलत होतो, त्याला शब्द कळत नव्हते, पण भांडण कळायला शब्द कशाला लागतात.

"मग बाद करायचं होतं," मी म्हटलं. "आइस्क्रीमच्या वेळी केलंस तसं. दुसरं काहीतरी शोधलं असतं."

"तू किती दिवस वाट बघत होतास! तुझा रविवार मोडायचा नव्हता मला."

"आणि गाडीत तोंडावर हात ठेवलास, तो?"

तो खाली पाण्याकडे बघत म्हणाला, "तो तुझ्यासाठी, अण्णा."

लोकांना मी हे सांगितलं की म्हणतात, एवढं काय, मित्र होता, तुझं मन राखलं. मला ते पटत नाही, आणि पटवूनही घेणार नाही. साहेबासोबत गेला, ठीक. नोकरी आहे, जावं लागतं. खोटं बोलला, तेही एखादे वेळी सोसलं असतं. पण तो चेहरा जर असा हवा तेव्हा काढता येत असेल, तर मीनंबाक्कमच्या विमानाचं काय? वडाखालच्या दुपारीचं काय? त्या सोड्याचा पहिला घोट घेऊन डोळे मिटले होते, ते खरे की माझ्यासाठी? कुणाला विचारायचं? त्यालाच ना? आणि त्यानं "खरे" म्हटलं तर ते कसं ओळखायचं? एक रविवार गेला असता तर दुसरा आणला असता. त्यानं मागचे सगळे नेले.

मी तिथेच घाटावर डबा उघडला. माझ्या घरच्या जेवणाचे वरचे दोन पूड काढून घेतले, बाकीचे कडीला लावून पायरीवर ठेवले आणि स्टेशनची वाट धरली. तो हाका मारत होता. परतीच्या गाडीत दोन हातांत दोन पूड धरून बसलो, दर हिसक्याला सांबार धोतरावर. समोरची म्हातारी म्हणाली, "अरे बाबा, त्याची कडी कुठे टाकलीस?" मी खिडकीबाहेर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बायकोनं पूड घासून ठेवले. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर का होईना, चार दाणे घालून देतात. ती साखरेचा डबा काढत होती.

"तसेच दे," मी म्हटलं.

"रिकामे? ती काय म्हणेल?"

"तिला काही म्हणायचं कारण नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल."

तिनं नेले नाहीत, तेव्हा मीच त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. पालथे.

पुढच्या रविवारी तो वाटी घेऊन विहिरीवर आला. मी न्हायला बसलो होतो. "महाराज, दरबार?" असं बारीक आवाजात म्हणाला आणि माझ्या पाठीमागे उभा राहिला. बायका दारांत होत्या, त्या दिवशी कुणी म्हशी म्हटलं नाही. मी वळलो नाही. तेलाचा वास येत होता, कढवून आणलेलं होतं. मी डोक्यावर घागर ओतली, आणखी एक ओतली. तिसरी ओढेपर्यंत वास गेला होता. पुढे त्याला बढती मिळाली, कंपनीचं घर मिळालं आणि तो स्टोअर सोडून गेला. सामान गाडीत भरताना माझ्या दाराशी थांबला, तेव्हा मी आत होतो. आतच राहिलो.

त्यानंतर रविवारी मी घरीच पडून असायचो. बायको म्हणायची, "कुठेतरी जाऊन या हो, भिंतीकडे बघत काय बसलात." एकदा तिरीमिरीत उठलो. म्हटलं, जागा माझी आहे. मी शोधलीय. दुसऱ्यानं वापरली म्हणून मी सोडू काय? एकटाच धुराच्या गाडीनं एन्नोरला गेलो. घाट तोच. पाणी तसंच गढूळ. होडीवाला दुसरा होता, तरुण. मी धोतर खोचलं, उतरलो, आणि बघायच्या आधीच उजव्या अंगानं पाय टाकला. पायरी बरोबर पायाखाली आली.

होडीवाला हसला. "आधी इथून उतरलात वाटतं, सामी. नवी माणसं इथे हमखास पडतात."

"नाही," मी म्हटलं. "पहिल्यांदाच उतरतोय."

त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि मान हलवून वल्हं उचललं. मी खरं बोलत होतो. त्याला ते पटलं नाही.