उलटी करून पाठवलेली चित्रं

परदेशी गेलेलं तुमच्या घरचं माणूस फॅमिली ग्रुपवर रोज एखादं हसायचं चित्र टाकतं. ते चित्र टाकलं नसतं तर त्या जागी त्याने काय लिहिलं असतं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का?

मला तो उशिरा पडला, आणि तोही चिनी चित्रांमुळे.

मी इचलकरंजीहून निघाले तेव्हा मुंबईच्या विमानतळाबाहेर, फुटपाथवर, बाबांनी माझी बॅग हुकाच्या काट्याला लटकवली होती. काटा कुणाकडून तरी मागून आणलेला. वजन जास्त भरलं. बाबांनी तिथेच बॅग उघडली, आईने दिलेली भडंगाची पिशवी हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि परत आत ठेवली. मग तळाशी त्यांनी स्वतःच ठेवलेला पत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला. बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावरची पत्रकं लिहिण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आई अंगणवाडीत नोकरी करायची आणि पत्रकं चिकटवायला मैद्याची खळ शिजवून द्यायची. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर.

"भडंग राहू दे," बाबा म्हणाले, "कागद फार जड असतो. आणि तुला सगळं पाठ आहे."

पाठ होतंच. पत्रकाच्या पहिल्या ओळीत मागणी आली पाहिजे, हा त्यांचा नियम. मागणी खाली गेली की वाचणारा तिथवर पोचायच्या आधी कागदात शेंगदाणे बांधतो, असं ते म्हणत. आत जाताना मी वळून पाहिलं तर ते गठ्ठा काखेत धरून ट्रॉली जागेवर लावत होते. आई नुसती उभी होती.

आता मी मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहते. मास्टर्स झालं, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा जॉब लागला, वर्क व्हिसा मिळाला. आमच्या गल्लीत माणसं दार न वाजवता घरात यायची आणि आईला वैताग यायचा. इथे लोक येण्याआधी टेक्स्ट करतात, आणि बहुतेक वेळा कॅन्सल करतात. वीकेंडला लॉन्ड्री, ग्रोसरी, मग तळ्याभोवती एक चक्कर. हिवाळ्यात तळं गोठलेलं असतं. समोरून येणारा माणूस हसून हात करतो आणि पुढे जातो. सोमवारी मीटिंगमध्ये बोलते तेव्हा लक्षात येतं की शुक्रवारपासून आपला आवाजच आपण ऐकलेला नाही.

त्यात फरक पडला तो लिन आल्यावर. लिन माझी फ्लॅटमेट. चीनच्या हुनान प्रांतातल्या एका लहान शहरातली, माझ्याच वयाची, दुसऱ्या एका कंपनीत डेटाचं काम करणारी. आम्ही इंग्रजीत बोलायचो, दोघींचंही थोडं थोडं चुकायचं, त्यामुळे कुणाला लाज वाटायची नाही. जेवताना ती फोन माझ्यासमोर सरकवायची. त्यावर तिकडची मीम्स असायची.

एक चित्र होतं भाजीच्या जुडीचं. लसणीच्या पातीसारखी ही त्यांची भाजी मुळं जमिनीत ठेवून वरून कापतात, की ती पुन्हा उगवते, की पुन्हा कापतात. तिकडची तरुण मुलं स्वतःला ती भाजी म्हणवून घेतात. नोकरीत राबणारी स्वतःला बैल-घोडे म्हणतात. ऑफिसची खुर्ची, वर बैलाचं तोंड, गळ्यात आयडी कार्ड. मग 'आडवं पडणं'. म्हणजे घर घेणं, लग्न, बढती या शर्यतीतून अंग काढून घ्यायचं आणि सरळ सतरंजीवर पडायचं. आणि 'पूर्णवेळ मुलगी'. शिकून सवरून नोकरी न मिळालेली मुलगी घरी परतते, आईसोबत बाजारहाट करते, वडिलांना दवाखान्यात नेते, आणि आईवडील तिला दरमहा थोडे पैसे देतात. पद काय, तर मुलगी.

बरीचशी चित्रं उलटी होती, डोकं खाली, पाय वर. मला वाटलं फोन बिघडला. लिन म्हणाली, "अधिकाऱ्यांना न आवडलेलं चित्र काढून टाकतात. म्हणून लोक ते उलटं करून पाठवतात. मशीनला कधीकधी ओळखू येत नाही. माणसाला येतं."

मी बाबांची मुलगी. मला गप्प बसवेना. मी म्हटलं, "लिन, हे सगळं ठीक आहे, पण यात मागणी कुठे आहे? भाजीने विळ्याकडे काय मागितलं?"

"मागणी लिहिली तर चित्र दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही," ती शांतपणे नूडल्स ढवळत म्हणाली. "म्हणून तेवढी जागा रिकामी ठेवतात. वाचणाऱ्याने भरायची."

मी बाबांना हे कळवलं तर त्यांचा मेसेज आला: "यांचे लेखक हुशार आहेत. नाव टाकत नाहीत एवढं वाईट." बाबांच्या प्रत्येक पत्रकाखाली त्यांचं नाव असे, आणि त्यापायी दोनदा त्यांचं काम गेलं होतं. आपण चिन्यांची कीव करतो. पण आपल्याकडे लिहायची मोकळीक असताना आपण एकमेकांना काय पाठवतो, तर गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. आणि इथे व्हिसावर असलेले आम्ही सगळे पोस्ट टाकण्याआधी दोनदा विचार करतो, आणि मग टाकत नाही. चित्र उलटं करण्याइतकंही धाडस करत नाही.

मग लिनचा जॉब गेला.

व्हिसावरच्या माणसाचा जॉब गेला की ठरलेल्या मुदतीत दुसरा शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. लिनच्या आईने त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलं होतं की मुलगी अमेरिकेत स्थिरावली. नोकरी गेल्याच्या बातमीने आईची मान खाली जाईल ही लिनला नोकरी जाण्यापेक्षा मोठी भीती. म्हणून ती रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायची, खाली पायजमाच, आणि किचनच्या टेबलाशी पांढऱ्या भिंतीला पाठ करून आईला व्हिडिओ कॉल करायची. तिकडे तेव्हा रात्र असे. "ऑफिसमध्ये आहे, लवकर बोल," असं म्हणायची. कॉल संपला की शर्ट काढून हँगरला लावायची आणि अर्ज करायला बसायची. दिवसभर मला मीम्स पाठवायची. मी हसत होते. ती खरंच विनोदी होती.

एका शनिवारी संध्याकाळी मी तिला सुहासकाका आणि वृंदाकाकूंकडे पॉटलकला नेलं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. काका-काकू मूळचे नागपूरचे, इथे येऊन वर्षं झालेली. जेवण झाल्यावर लिनचा फोन या हातातून त्या हातात फिरला. बैलाच्या तोंडाचं चित्र पाहून काका खदखदून हसले.

"म्हणजे चिनी लोकंसुद्धा आळशी झाले म्हणायचं. आडवे पडतात म्हणे. आपल्याला बरंच आहे की."

"काका, बारा-बारा तास काम करून पडलेल्या माणसाला आळशी म्हणत नाहीत," मी म्हटलं. "आमच्या गावात माग चालवून आलेला माणूस पडला की त्याच्या अंगावर चादर घालतात."

"अगं, तू लगेच मोर्चा काढतेस. जोक आहे यार तो."

"जोकच आहे. बैलाने केलेला. तुम्ही बैलगाडीत बसून हसताय."

काका हसले, पण जरा कमी. वृंदाकाकू तेवढ्यात लिनशेजारी येऊन बसल्या आणि इंग्रजीत विचारलं, जॉबचं कळल्यावर आई काय म्हणाली. काकूंना मीच गाडीतून फोनवर सांगितलं होतं. लिनने फोनवर बोट फिरवून एक चित्र काढलं आणि काकूंसमोर धरलं. एक लठ्ठ मांजर, डोक्यावर टोपी, खाली काहीतरी लिहिलेलं. सगळे हसायला तयार होते.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी फोन हळूच टेबलावर पालथा ठेवला.

"चित्र राहू दे, बेटा. तू सांग."

लिनने फोनकडे नेलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "मला नोकरी मिळणार नाही असं वाटतंय. मला भीती वाटते."

मी तिच्यासोबत इतके महिने राहत होते, आणि हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

काकूंनी तिला आईला फोन लावायला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि स्वतः दाराबाहेर पोळ्यांचा डबा आवरत थांबल्या. हुनानमध्ये रविवारची सकाळ होती. आतून चिनी बोलणं ऐकू येत होतं, मग काहीच नाही, मग लिनचं रडणं, आणि मग, कुणाला वाटलं नव्हतं, हसणं. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"आईला माहीत होतं," ती म्हणाली. "म्हणाली, नोकरी होती तेव्हा तू रोज ऑफिसला शिव्या घालायचीस. महिनाभर एकही शिवी नाही. मग काय समजायचं?"

"आणि बिल्डिंग?" मी विचारलं.

"बिल्डिंगला ती बघून घेईल म्हणाली."

नोकरी मिळाली नाहीच. मुदत संपायच्या आत लिन गेली. विमानतळावर मी तिला ड्राइव्ह करून सोडलं. आता ती तिकडून लिहिते की तिची पूर्णवेळ मुलगी म्हणून नेमणूक झाली आहे, बॉस कडक आहे, सुट्टी नाही, पण कॅन्टीन चांगलं आहे. मी वाचते, हसते, आणि मग विचारते, बाकी कशी आहेस. कधी ती सांगते. कधी म्हणते, आज बरं नाही. तेवढं पुरतं.

तिच्या खोलीत अजून कुणी आलेलं नाही. मी स्वयंपाक एकटीचाच करते आणि तो दोघींचा होतो.

चिनी मीम्समधून चिनी समाज कळतो, असं लोक म्हणतात. मला त्यातून एक गोष्ट कळली. जिथे सरळ बोलण्याला जागा उरत नाही, तिथे माणसं विनोद करतात, आणि तो फार चांगला करतात. त्यांच्याकडे ती जागा सरकारने काढून घेतली. आमच्याकडे ती कुणी काढून घेतली? ईडन प्रेरीपासून हिंजवडीपर्यंत आमची मुलं बर्नआउटचे जोक टाकतात, आणि खाली डोळ्यांत पाणी येईतो हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ही दडपशाही आपली आपणच चालवतो. तिला ना पोलीस लागतात, ना मशीन.

लिन गेल्यावर काही आठवड्यांनी मी ग्रुपवर काही न टाकता बाबांना एकट्यांना लिहिलं: मला इथे फार एकटं वाटतं. बाबांचा लगेच फोन आला. आयुष्यभर शब्दांवर जगलेल्या माणसाला शब्द सापडेना. त्यांच्या मागे शेजारच्या कारखान्यातले माग चालू होते, तो आवाज मी ऐकत राहिले. मग आई म्हणाली, "आम्ही फोन ठेवत नाही. तू तुझं काम कर." मी भांडी घासली. तिकडे कुणीतरी दार न वाजवता आलं, आई त्याच्यावर वैतागली, आणि मला सगळं ऐकू येत होतं. घर म्हणजे आता माझ्यासाठी तेवढं आहे: जिथे एक सरळ वाक्य पोचतं आणि कुणी घाईने उपाय सांगत नाही.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुम्ही गेलेले असाल तर आज ग्रुपवर चित्र टाकू नका. घरच्या कुणा एकाला एक खरं वाक्य लिहा. आणि तुम्ही मागे राहिलेले असाल, तर आज आलेल्या विनोदाखाली हसरा चेहरा लावू नका. त्या माणसाला फोन लावा, नावाने हाक मारा, कसा आहेस ते विचारा, आणि तो खरं सांगेपर्यंत फोन ठेवू नका.