आत घेतलेली गॅलरी

ऐंशीच्या दशकात मी नवी मुंबईत, पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर केमिकलच्या टाक्यांचे नकाशे काढायचे. एका परदेशी मासिकात स्पर्धा दिसली: सहा माणसांना तीन वर्षं अंतराळात राहता येईल असं घर काढा. मला वाटलं, हे तर आपलंच काम. टाकीच ती, फक्त आत माणसं.

नेरूळच्या आमच्या एका खोलीच्या घरात ड्रॉइंग बोर्ड मांडायला जागा नव्हती. सोसायटीत सगळेच गॅलरी आत घेत होते, मीही घेतली. प्लाय ठोकलं, काचा लावल्या, आणि कागदावर ऊन चमकतं म्हणून काचांना खाकी कागद चिकटवला. त्या गॅलरीत आई बसायची. वडील गेल्यावर मी तिला कोकणातून आणलं होतं. सकाळची कामं आटोपली की स्टुलावर बसून तांदूळ निवडायची, खाडीकडे बघायची, खालून जाणाऱ्या कोळणीशी बोलायची. तिचं स्टूल मी मोरीजवळ सरकवलं. ती तिथेच बसून तांदूळ निवडू लागली, आणि मी असा मठ्ठ, मला वाटलं तिला चालतंय.

चार महिने मी त्यात डोकं घालून बसलो. कोण कुठे झोपेल, व्यायाम कुठे, रुसलेल्या माणसाने कुठे जायचं, सगळ्याचा विचार केला. एका रविवारी आई चहा घेऊन आली आणि नकाशाकडे बघत राहिली.

"तीन वर्षं आतच? बाहेर बघायला काय ठेवलंस की नाही रे त्यांना?"

"ठेवलंय ना! प्रत्येकाला स्वतःची खिडकी. नाहीतर माणूस वेडा होईल, आई."

"बरं केलंस हो," ती म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

त्याच आठवड्यात ती महिनाभर जाऊन येते म्हणून मामाकडे गावी गेली. दोन महिने झाले तरी आली नाही. मग स्पर्धेचं पत्र आलं. नंबर नव्हता, पण खिडक्यांची कल्पना आवडल्याचं दोन ओळींत कळवलं होतं. ते वाचताना आईचा प्रश्न आठवला आणि स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच संध्याकाळी मी खाकी कागद खरवडला, प्लाय उखडलं, स्टूल परत गॅलरीत ठेवलं. तिला कार्ड टाकलं: गॅलरी मोकळी केली आहे, ये.

उत्तर मामाच्या अक्षरात आलं. "आई म्हणते, इथे ओटीवर बरं वाटतं. तुझा बोर्ड पुन्हा तिथेच मांड. गॅलरीत उजेड चांगला येतो."

ती नंतर नेरूळला राहायला आलीच नाही.