बापाचं गाव

एम.ए. झाल्यावर मला संशोधनाची हुक्की आली. ठाण्यात कुठल्या आळीत मुलं जास्त जन्मतात आणि का, हे मला शोधायचं होतं. स्वतःचं लग्न टाळायला दुसऱ्यांची बाळं मोजणारी मी पहिलीच असेन. होळीपर्यंत प्रबंध मार्गी लागला तर ठीक, नाहीतर डोंबिवलीची मंडळी बघायला येतील, असं बाबांनी बजावलं होतं.

जन्माची बुकं म्युनिसिपालिटीत. मी नवी चामडी बॅग मिरवत गेले. आत पोळीभाजीचा डबा तेवढा होता. हेडक्लार्कनी विचारलं, कोणाचा दाखला हवा? मी म्हटलं, सगळ्यांचे. त्यांनी चष्मा काढला. अर्ज केला की एका माणसाचा उतारा मिळतो, अख्खं बुक वाचायला द्यायची तरतूद नाही, असं ते शांतपणे म्हणाले. मी त्यांना प्रजासत्ताकावर व्याख्यान दिलं. सरकार आपलं, तेव्हा बुकंही आपलीच.

"नळाचं पाणीही तुमचंच आहे, बाई," ते म्हणाले. "म्हणून टाकीत उतरू देत नाही आम्ही."

मग वाचनालयात बसून मी जन्मनोंदणीचा इंग्रजांच्या वेळचा कायदा वाचून काढला. संशोधकाला बुक दाखवावं असं त्यात कुठे नव्हतं. दाखवू नये असंही नव्हतं. माझ्यासारखं कुणी उगवेल हे कायदा करणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, याचा मला जरा रागच आला. अर्ज घेऊन थेट मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनाही कुतूहल वाटलं असावं, कारण अटी घालून त्यांनी परवानगी दिली. बुकाला हात लावायचा नाही. दुपारी हेडक्लार्क गेल्या काही वर्षांची बुकं वाचतील, मी लिहायचं. आळी, तारीख, मुलगा की मुलगी. आईबापांची नावं नाहीत, बापाचा पत्ता नाही, आणि कोणाचं मूल असं विचारायचं नाही. मी सही ठोकली.

निकाल अजब निघाला. नव्या कारखान्यांच्या बाजूला पाळणे कमी, आणि पेन्शनरांनी भरलेल्या आमच्या आळीत बाळंच बाळं! मी डोकं चालवलं आणि खाडीच्या हवेचा जननावर होणारा परिणाम यावर दोन पानं लिहिली. माझी विद्वत्ता ती एवढी.

त्याच आठवड्यात ताई बाळंत झाली. तिचं सासर कल्याणला, पण पहिलं बाळंतपण म्हणून आमच्याकडे आली होती. घरभर शेक-शेगडीचा धूर. बाबा बाळाची नोंद करायला टोपी घालून निघाले, आणि मी चुलीशी बसल्या बसल्या गार पडले. आळीतल्या प्रत्येक पेन्शनराची लेक माहेरी आली होती. मी ठाण्याची म्हणून मोजलेली बाळं सव्वा महिन्यानं बोचकी घेऊन आपापल्या गावी गेली होती. बापाचं गाव कळल्याशिवाय माझा प्रबंध रद्दी होता, आणि होळी आली होती.

मुख्याधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. खाडीची हवा तेवढी गाळली. ते म्हणाले, पत्ता झाकला तो उगाच नाही. पत्त्यावरून माणूस सापडतो, आणि या बुकात बापाचं नाव नसलेलीही मुलं आहेत.

"नुसतं गाव द्या," मी म्हटलं. "कल्याण म्हटल्यावर कोण सापडणार?"

"आणि गाव दहा घरांचं असलं, नि ठाण्याची एकच लेक तिथे दिलेली असली, तर?"

तो प्रश्न मला फार आवडला. बराच वेळ आम्ही दोघं कागदावर रेघोट्या मारत बसलो. शेवटी मी सुचवलं, शहर असेल तर शहर सांगावं, खेडं असेल तर नुसता तालुका. त्यांनी जुन्या हुकुमाखाली तसं लिहून सही केली. बाबांनी तो कागद दोनदा वाचला आणि डोंबिवलीला, सध्या जमत नाही, असं कळवलं.

पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. हेडक्लार्क एकसुरात वाचत होते: कल्याण. भिवंडी. तालुका पनवेल. कल्याण. इंदूर. मग ते थांबले.

"कराची," ते म्हणाले. "शहरच आहे. हुकुमात बसतं."

नोंद फाळणीच्या आदल्या वर्षीची. कराचीत दिलेल्या ठाण्याच्या लेकी किती असणार? ती कोण, बाळ घेऊन परत गेली का, तो माणूस पुढे आला का, सगळं माझ्या जिभेवर आलं. मी पेन्सिलीचं टोक चघळलं आणि त्या रकान्यात 'परगाव' लिहिलं.

हेडक्लार्कनी वाकून माझा कागद बघितला आणि पान उलटलं.