एका खुंटीवरचे दोन वास

माझी थोरली जाऊ, तिला मी ताई म्हणते, सुगंधाच्या कंपनीत वजनं करायची. सुगंध रचणारा माणूस वेगळा. तो कागदावर लिहून द्यायचा, हे इतकं, ते तितकं. ताई ते तपकिरी बाटल्यांतून थेंबाथेंबानं काढून काट्यावर मोजायची. त्या काट्याला काचेची दारं होती, कारण माणसाच्या श्वासानंसुद्धा आकडा हलतो. श्वास रोखून काम करायची तिला इतकी सवय झाली होती, की घरी भाजीत मीठ घालतानाही ती दम धरून उभी राहायची. कंपनीत तिला मिलिग्रामबाई म्हणत. बावीस वर्षं ती नाकासमोर चालली, पण त्या नाकाला कुणी कधी काही विचारलं नाही.

दिवसभर जे मोजायचं, त्याचा वास तिच्या मफलरला लागायचा. वजनाची खोली थंड असे, म्हणून पांढऱ्या कोटाच्या आत ती तो गुंडाळून ठेवी. लेक लहान होती तेव्हा दारातच तिच्या गळ्यात पडून ओळखायची, "आई, आज संत्रं! आज ओलं लाकूड!" पंधरावं लागलं आणि हे बंद झालं. आता ती अठरा वर्षांची होती, वेल्डिंग शिकत होती. तिला आम्ही ठिणगी म्हणायचो. थोडं धंद्यामुळे, बरंचसं स्वभावामुळे. भावजी जहाजावर, वर्षातून दोनदा घरी. मी वरच्या मजल्यावर राहते, म्हणून मला ठाऊक आहे: खाली दोघीजणी असायच्या आणि दोघीही गप्प. एकीचं मौन मोजूनमापून, दुसरीचं फणकाऱ्याचं.

त्या वर्षी पानगळ सुरू होता होता कंपनीनं एक गोड सुगंध करायला घेतला. व्हॅनिला, करपायच्या बेतात आलेली साखर, भाजलेले बदाम, थोडी साय. अठरा-वीस वर्षांच्या मुलींसाठी. जाहिरात बघणाऱ्या बाईंनी भिंतीवर चित्रच लावलं होतं, गुलाबी स्वेटरमधली एक खळखळून हसणारी मुलगी. रचना करणाऱ्या साहेबांना सगळे मागून 'नाक' म्हणत. त्या नाकानं एकतीस नमुने केले आणि एकतीसही वेळा तेच झालं. कागदाची पट्टी नाकाशी नेली की पहिल्या मिनिटाला "वा!", पाचव्या मिनिटाला "पुरे!" अति तिथे माती.

"मला मुलगी हवीय," जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, "मिठाईचं दुकान नको."

ताईच्या अंगाला मात्र तो वास दोन महिने चिकटला होता. संध्याकाळी बसमध्ये एक अनोळखी म्हातारी तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली आणि उठल्यावर म्हणाली, "माफ करा हं, मी घरी पोचले असं वाटलं." ताई जिना चढायची तेव्हा तिच्या मागून तो वास हळूहळू वर यायचा, दाराखालून माझ्या खोलीत शिरायचा, आणि मी हातातलं काम सोडून खिडकीशी बसून राहायचे. बाहेर धुकं, दिवे पिवळे, आणि मला उगाच वाटायचं की कुणीतरी मला भेटायला निघालं आहे. कोण ते कळायच्या आत वास विरून जायचा.

मग एक साधीच गोष्ट घडली. त्यांच्या दारामागच्या दोन खुंट्यांपैकी एक निखळली. ठिणगी कारखान्यातून आली ती बाही जळालेलं जाड जाकीट घेऊन, आणि रागारागानं तिनं ते उरलेल्या खुंटीवर, आईच्या मफलरवरच, अडकवून दिलं. रात्रभर दोन्ही एकत्र राहिली.

सकाळी मी दूध आणायला खाली येते, तर ताई जिन्यातच उभी. मफलर नाकाशी.

"काय झालं गं? काही विसरलीस का?"

"हुंग," ती म्हणाली.

मी हुंगला. गोड होताच, पण त्या गोडाच्या मागे तापलेल्या लोखंडाचा, धुराचा बारीकसा पडदा होता. कुणीतरी आग विझवून आत यावं, काही न बोलता आपल्याशेजारी बसावं, तसं काहीतरी.

"गोड तोच आहे," ताई म्हणाली. "पण आता तो माणसाचा झालाय."

तिच्या तोंडून इतकं मोठं वाक्य मी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं.

कंपनीत हे बोलायला तिला तीन दिवस लागले. चौतिसाव्या नमुन्याची पट्टी साहेबांनी टेबलावर फेकली. "संपलं. माझ्या नाकी नऊ आले." कोपऱ्यातलं कुणीतरी खुदकन हसलं. ताई हसली नाही.

"साहेब, बर्च झाडाच्या सालीचं काळं, धुरकट वासाचं तेल घालून बघायचं का? पातळ करून. हजारात एक भाग."

काट्यालाच वाचा फुटावी तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "गोडात डांबर घालू?"

"डांबर नाही. जळलेल्या बाहीपुरतं."

"बाई, नाकापेक्षा मोती जड होतोय हं," ते म्हणाले. पण पेन उचललं आणि कागदावर एक ओळ वाढवली.

ताईनं मोजलं. काचेचं दार लावलं, आकडा थांबेपर्यंत थांबली. मग साहेब अर्धा तास मनगट नाकाशी धरून खुर्चीत बसून राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, "पुरे" काही आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाचा आहे हा?"

कशाचा नव्हे, कुणाचा. ताईनं ते मला संध्याकाळी दोनदा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बैठकीला तिला बोलावणं आलं. पांढऱ्या कोटातच ती गेली आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकली. जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, "सुगंध झकास आहे. पण आमच्या त्या हसऱ्या मुलीला हा शोभत नाही. तुम्हीच सांगा, शोभेल कुणाला?"

ताईनं नेहमीप्रमाणे श्वास धरला. मग सोडला.

"जी फारशी हसत नाही तिला. हातावर भाजल्याचे डाग असतात, विचारलं तर 'कुठे काय' म्हणते. गल्लीतल्या कुत्र्यासाठी खिशात बिस्कीट ठेवते आणि पकडली गेली की म्हणते, चुकून राहिलं. तिच्यातही गोडवा असतो, पण मागून मिळत नाही. काही न विचारता जवळ बसून राहावं लागतं."

मग बाई म्हणाल्या, "एवढं लेबलवर मावायचं नाही," आणि सगळे हसले. नमुना मात्र मंजूर झाला. भिंतीवरची मुलगी हसतीच राहिली. तिचा स्वेटर तेवढा राखाडी केला.

पहिल्या खोक्यातली एक बाटली ताईला मिळाली. ती तिनं जेवणाच्या टेबलावर लेकीसमोर ठेवली. मी तिथेच होते, भाजीची वाटी परत द्यायला गेले होते. खरं सांगायचं तर बघायलाच गेले होते.

"काय आहे?" ठिणगीनं विचारलं.

"हुंग."

तिनं मनगटावर थेंबभर लावून हुंगलं. "शी, गोड! आई, मी वेल्डिंग करते. मला हे..." बोलता बोलता ती अडखळली. पुन्हा मनगट नाकाशी नेलं. "यात धूर कसा?"

"तुझा आहे."

"माझा म्हणजे?"

मग ताईनं खुंटीपासून बैठकीपर्यंत सगळं सांगितलं, सावकाश, एक शब्दही इकडचा तिकडे न करता. बिस्किटाचं आलं तेव्हा ठिणगीचे कान लाल झाले. ती बराच वेळ टेबलावरच्या एका ओरखड्यावरून नख फिरवत राहिली.

"ती खुंटी मी ठोकून देणार होते," शेवटी ती म्हणाली. "राहूनच गेलं."

"राहू दे गं," ताई म्हणाली.

"तू बैठकीत माझ्याबद्दल बोललीस?"

"नाव नाही घेतलं."

"तसं नाही..." ती उठली, आईच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि पुन्हा बसली. मी वाटी टेबलावर ठेवून वर निघून आले. काही वेळा काकूनं निघून जायचं असतं, एवढं मला कळतं.

त्यानंतर महिनाभर तिनं ती बाटली पुन्हा उघडली नाही. मग परीक्षेच्या दिवशी लावून गेली. मुखवटा खाली ओढून पहिली ठिणगी उडवली, तेवढ्यात मास्तर ओरडले, "अरे, कुणाचा केक करपतोय?"

"माझा, सर!" ती म्हणाली. सगळा कारखाना हसला. ती पण हसली म्हणे. वेल्डिंगच्या सांध्याला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

सुगंध बरा खपला, फार नाही. ताईचं नाव कुठेच आलं नाही, आणि आलं असतं तर तीच संकोचली असती. मात्र हल्ली नवा नमुना आला की वास घ्यायच्या टेबलाशी तिला खुर्ची असते. साहेब पट्टी पुढे करतात आणि विचारतात, "बाई, कुणाचा?" तिला उत्तर द्यायला कधी दोन दिवस लागतात. ते थांबतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी ट्राममधून येत होतो. दुपार होती, पण धुक्यामुळे काचांबाहेर काहीच दिसत नव्हतं. आपण कुठे जातोय की नुसतेच तरंगतोय, कळेना. पुढच्या बाकावर एक आडदांड म्हातारा बसला होता, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या निळ्या कपड्यांत, मांडीवर हत्यारांची पेटी, भुवया अशा की लहान मूल रडावं. आणि त्याच्या मानेपाशी तो वास होता.

"बायकोचा लागला असेल," मी कुजबुजले.

ताईनं डोळे मिटून घेतले. "नाही. त्यानंच लावलाय. थोडासा, कुणाला कळू नये एवढा."

आमचा थांबा आला. मी तिला कोपरानं ढोसलं, पण ती उठली नाही. मीही उठले नाही. म्हातारा दोन थांबे पुढे उतरला, टोपी सारखी केली आणि धुक्यात शिरला. वास थोडा वेळ बाकावर बसून राहिला.

"त्याला शोभतो," ताई म्हणाली.

मग आम्हीही उतरलो. घर बरंच मागे राहिलं होतं. आम्ही चालत निघालो, आणि घाई दोघींनाही नव्हती.