सीलपॅक रोबोंची खोली

"हात लावायचा नाही, बॉस! लांबून बघायचं."

भोपाळच्या इंद्रपुरीतल्या आमच्या शेजाऱ्याची पाहुण्यांचं स्वागत करायची ही रीत. लोक आधी पाणी विचारतात, हा आधी ताकीद द्यायचा. आणि ती देताना स्वतःचेही दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहायचा.

वय पन्नाशीचं, कारखान्यात माझ्याच विभागात इंजिनिअर. लग्नाचं राहूनच गेलेलं. घरात तो, त्याची आई आणि सगळ्यात मोठ्या खोलीत जुने रोबो. आपल्या लहानपणी निघाले होते ना, हातपाय दुमडले की ट्रक आणि मान आत ढकलली की विमान, तेच. कुठून कुठून मागवायचा. पण एकही कधी खोक्याबाहेर काढला नाही. "सीलपॅक आहे. उघडलं की कचरा," म्हणायचा. आता बघा, ज्या खेळण्याला रूप बदलण्यापलीकडे दुसरं काही येत नाही, त्याला यानं जन्मभर एकाच रूपात बसवून ठेवलेलं. आमच्या ऑफिसातही अशी माणसं पुष्कळ आहेत, पण त्यांच्यासाठी कुणी काचेचं कपाट करत नाही.

घरात एसी एकच, तोही रोबोंच्या खोलीत. गरमीनं प्लॅस्टिक पिवळं पडतं म्हणे. मे महिन्यात भोपाळ तापायचं तेव्हा ऐंशीच्या घरातल्या काकू बैठकीत कूलरसमोर, मानेवर ओला टॉवेल टाकून बसलेल्या असायच्या. एकदा न राहवून मी विचारलं, "काकू, तुम्ही आत का नाही झोपत?"

"ते लहान आहेत ना रे," त्या म्हणाल्या, "त्यांना गरमी सहन नाही होत."

लेकाला टोमणा कळला नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे आईचं."

"खेळायचं नाही तर घेतोस कशाला?" असं मी एकदा चिडवलं, तेव्हा त्यानं लहानपणचं सांगितलं. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आलेले कारकून. शेजारच्या साहेबाच्या मुलाला त्याच्या मामानं असा एक लाल ट्रक आणला होता. पोरं भोवती जमायची आणि तो मुलगा बजावायचा, "हाथ नहीं लगाने का. दूर से देखो."

"आईनं मला काडेपेट्या चिकटवून एक करून दिला होता," तो म्हणाला. "पण त्याचा रोबो व्हायचा नाही यार."

मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. एवढी खोली भरून खेळणी जमवली, तरी हा गडी अजून लांबूनच बघत होता. साहेबाच्या पोराची चौकीदारी आता यानंच पत्करली होती.

मग ती खंडेनवमी आली. दर वर्षी काकू त्याचे पाने, पेचकस, टेस्टर देवापुढे मांडून पूजा करायच्या आणि तो कारखान्यातल्या पूजेला जायचा. त्या वर्षी काकूंच्या मनात आलं, लेकाची खरी यंत्रं तर आतल्या खोलीत आहेत. किल्ली देवघरातच असायची.

संध्याकाळी आरडाओरडा ऐकून मी धावत गेलो. प्रत्येक खोक्यावर ओल्या हळदकुंकवाची बोटं, वर अक्षता आणि झेंडूचं फूल. पुठ्ठ्यानं कुंकू पार पिऊन टाकलेलं, पुसायची सोय नाही. "सगळा माल गेला!" म्हणत पन्नाशीचा माणूस फरशीवर बसून रडत होता. मी बाल्कनीत जाऊन पोटभर हसून आलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला गेलो, तर काकूंनी आतल्या खोलीतल्या तशाच लाल ट्रकचं खोकं त्याच्या मांडीवर आणून ठेवलेलं.

"पूजा झालेलं यंत्र दसऱ्याला हाती घ्यावं लागते," त्या म्हणाल्या. "असं पॅक नाही ठेवत. उघड."

आईपुढे त्याचं काही चालेना. त्यानं सील कापलं. मोठमोठ्या मोटारी उघडून पुन्हा जोडणाऱ्या या माणसाला त्या ट्रकचा रोबो काही करता येईना. त्यानं डावा हात जरा जोरात ओढला आणि जुनं प्लॅस्टिक कट्कन मोडलं. पाटी फुटलेल्या पोरासारखा तो आईकडे बघत राहिला.

काकूंनी खाली पडलेला हात उचलून त्याच्या तळव्यावर ठेवला. "तुटला ना? झालं तर मग. आता खेळ."

आणि तो खेळला हो! फरशीवर पालथा पडून, तोंडानं घर्रर्र करत त्यानं तो ट्रक सोफ्याखालून पलीकडे नेला. काकू पाय वर घेऊन त्याला वाट देत होत्या. या वेळी मला बाल्कनीत जावंसं वाटलं नाही.

बाकीची खोकी त्यानं उघडली नाहीत, सवयी अशा एका दसऱ्यात जात नाहीत. पण एसी बैठकीत आला. काकूंना त्याचा एकच उन्हाळा मिळाला. पावसाळा सरता सरता त्या गेल्या आणि थोड्याच दिवसांत त्याची बदली झाली.

तो गेला त्या सकाळी मी खाली उभा होतो. खोक्यांना आता कुणी कवडीही देणार नाही, हे त्यानंच मला पूर्वी समजावून सांगितलेलं. एका हाताचा लाल ट्रक त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. हमाल खोकी टेम्पोत चढवत होते आणि तो त्यांच्या मागेपुढे धावत ओरडत होता, "किनारे से पकडो भैया, किनारे से! कुंकू को हाथ नहीं लगाने का!"