एका माणसाची कोंबडी

पोटा चिरला की मावशी आधी त्याच्या आत बघायची. पोटा म्हणजे कोंबडीची ती जाड, घट्ट पिशवी, जिच्यात ती खाल्लेले दाणे भरडते. पावशीवर, म्हणजे विळीवर, बसून मावशी तो उभा चिरायची, आतले खडे तळहातावर घ्यायची आणि निकाल द्यायची. "धानाचं तूस आहे. खळ्यावरची कोंबडी." किंवा, "काचेचा मणी निंगाला. कोण्या पोरीची माळ तुटली असन." मग खडे केळीच्या बुंध्याशी टाकून हात धुवायची.

नातवंडांनो, तुमच्याकडे परदेशात पोटा-कलेजी ही सगळी सामग्री कोंबडीच्या आत कागदी पुडीत घालून मिळते आणि पुडीसकट कचऱ्यात जाते, असं तुमच्या आईनं मला सांगितलं. इंग्रजीत तिला जिब्लेट्स म्हणतात. इतकी वर्षं इंग्रजी शिकवूनही हा शब्द मला वर्गात कधी लागला नाही. मावशीमुळे मी तो कोशात शोधला.

मावशी नात्यातली नव्हे, आमच्या सिहोऱ्याच्या घरासमोर राहायची. एकटीच, मुलगा पुण्याला नोकरीला. तुमचे आजोबा होते तेव्हा रविवारी घरी गावठी कोंबडी यायची, आणि ती साफ करायला मावशी. मला त्या आतल्या वस्तूंची किळस यायची. मी त्या टाकायला निघाले की म्हणायची, "फेकू नोका बाई, थे माह्या वाटचं आहे." पोटा, कलेजी, दिल, मान, पंजे असं सगळं वाटीत घ्यायची आणि कावळ्यांना दिसू नये म्हणून पदराखाली झाकून रस्ता ओलांडायची.

एकदा मी वही घेऊन तिच्या चुलीपाशी बसले. तुम्हाला कधी उपयोगी पडेल म्हणून तेव्हा लिहिलेलं इथे उतरवते. पोट्याच्या आतली पिवळी साल नखानं सोलायची आणि मीठ-हळद लावून तो दोनदा धुवायचा. पंजे विस्तवावर धरले की त्यांची साल मोज्यासारखी ओढून निघते. पोट्याभोवतीची चरबी आधी कढईत टाकायची. तीच सुटते, मग तेल जवळजवळ लागत नाही. पोटा, मान, पंजे भरपूर पाण्यात शिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं नाही. अर्ध्याचा रस्सा, लाखोळीच्या डाळीचं भाजलेलं पीठ लावून. उरलेल्या अर्ध्यात तांदळाच्या कण्या शिजवायच्या. कलेजी अगदी शेवटी.

शेवटी म्हणजे किती मिनिटं, असं मी विचारलं.

"मिनिटं मले नाही समजत. पोटा आपल्यासारखा आहे, शिजता शिजत नाही. कलेजी म्हणजे माहा पोरगा. आली का निंगाली."

मी वहीत 'चार मिनिटं' असं लिहिलं.

तुमचे आजोबा गेले आणि रविवारची कोंबडी बंद झाली. एकटीसाठी अख्खी कोंबडी कोण आणणार? तुम्ही फोनवर विचारायचा, आजी, काय जेवलीस? मी वरण-भात सांगायची. बरेचदा चहा-बिस्किटं असायची. हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते आहे. मावशीला सांगावं लागलं नाही. पुढच्या अंगणात मी भांडी घासायला बसले की तिला तिच्या दारातून दिसायचं.

"नुसती कपबशी घासून राहिल्या तुम्ही," एक दिवस ती म्हणाली. अख्खी कोंबडी मोठी पडते, हे कारण मी दिलं. ती म्हणाली, "अख्खी कायले आणता? एका माणसाचं तिच्यात येगळं काढूनच ठेवलं असते. एक पोटा, एक कलेजी, एक दिल."

मी बरं म्हटलं आणि काहीच केलं नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या करीला तिचा मुलगा येणार होता. श्रावण संपून आपल्याकडे घरोघरी मांसाहार शिजतो, तो दिवस. बसस्टँडजवळच्या चिकनवाल्याकडून तिनं सकाळीच दोन कोंबड्यांचं सामान आणलं आणि मला दाखवून गेली. दोन पोटे, दोन कलेज्या, दोन दिल. त्याले पोटा आवडते, असं दोनदा म्हणाली. सिहोऱ्यात थांबणाऱ्या प्रत्येक बसचा आवाज तिनं दुपारपर्यंत ओट्यावर बसून ऐकला. तीनच्या सुमारास त्याचा फोन आला: सुटी मिळाली नाही. मी खिडकीतून पाहत होते. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

मग पातेलं घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. ताटं तिनंच मांडली. कलेजी दगडासारखी झाली होती. त्याची वाट पाहताना पातेलं चुलीवरून उतरवायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. मी म्हटलं, चांगली झाली आहे. खोटं आहे हे तिला कळलं.

"खा बाई," ती म्हणाली. "मले एकटीले दोन दिल काय करायचे आहेत?"

मी आयुष्यात पहिल्यांदा पोटा खाल्ला. आधी चिवट लागतो, चावत राहिलं की गोड होतो. भांडी घासायला दोघी बसलो.

त्यानंतर दर रविवारी ती चिकनवाल्याकडून दोघींपुरतं, दोनच कोंबड्यांचं सामान आणायची. मुलाचं नाव काढायची नाही, मीही तुमचं काढायची नाही. जेवून झालं की ती माझ्या ताटात नजर टाकायची आणि मगच उठायची.

गेल्या हिवाळ्यात मुलगा आला आणि तिला पुण्याला घेऊन गेला. तिचे गुडघे दुखत होते, आणि तिला जायचंच होतं. मला आनंद झाला. तो खोटा नव्हता. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. "इथं पाकिटात कोंबडी येते बाई, तिच्यात पोटाच नसते. मंग थो कोन खाते?" पुढे फोन कमी होत गेले. आता येत नाहीत.

रविवारी मी स्वतः चिकनवाल्याकडे जाते. पहिल्या वेळी त्यानं काही न विचारता पिशवी पुढे केली. "मावशीवालं," तो म्हणाला. घरी येऊन उघडली. दोन पोटे, दोन कलेज्या, दोन दिल. या पांढऱ्या कोंबड्या पिंजऱ्यातल्या, कुठे हिंडलेल्या नसतात, म्हणून पोट्यात खडा निघत नाही. तरी मी आधी आत बघते. मग सगळं शिजवते, कलेजी चार मिनिटं.

एकाच माणसाचं दे, हे त्याला सांगायचं असं ठरवून मी दर रविवारी घरून निघते. अजून सांगितलेलं नाही.