कोर्टानं स्टेटसला ठेवायला सांगितलं

भुकूमला आमचे घरमालक काका सगळं मोबाईलच्या स्टेटसला ठेवतात. गाय व्याली, जावई जेवायला आले, काहीही. प्रत्येक वाक्यापाठी "कळ्ळं का?" विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

परवा त्यांच्या पुतण्यानं आमच्या घराकडे येणारी एकुलती वाट उकरायला जेसीबी सांगितला. काका कोर्टात गेले. संध्याकाळी वकिलांनी फोन केला आणि हुकुमाचा फोटो पाठवला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"स्टेटसला ठिवा म्हनलं. कळ्ळं का?"

"काका, ते 'स्टेटस को'. लॅटिन आहे. वाट जैसे थे ठेवायची, असा हुकूम झालाय."

"मी तर कवाच ठिवला की. कळ्ळं का?"

सकाळी जेसीबी आला नाही, चालकाचा फोन आला. "काका, तुमचं स्टेटस बगितलं. कोर्टाचा कागद हाय म्हनल्यावर मी न्हाई येत."

माझा जीव भांड्यात पडला. काका मात्र चष्मा लावून मोबाईलशी खटपट करत होते.

"आता काय करताय?"

"काडून टाकतुया. पुतन्याचं नाव हाय त्यात. त्याच्या पोरीला बगाय पावनं येनार हायेत," ते म्हणाले. या वेळी "कळ्ळं का" विचारलं नाही.